सर्व्हिस डॉगला घेऊन झूमध्ये: कॅलिफोर्नियात नक्की कुठपर्यंत जाऊ देतात?

सनीवेलकर

नमस्कार मंडळी. मे अखेरच्या लाँग वीकेंडला सॅन डिएगोला जायचं ठरतंय. एक दिवस शहरातला झू, दुसऱ्या दिवशी एस्कॉन्डिडोजवळचा सफारी पार्क. मुलगा नऊ वर्षांचा आहे, टाइप वन मधुमेह. त्याच्यासाठी अलर्ट डॉग आहे: लॅब्रॅडॉर कुत्री, वजन साधारण तीस किलो. साखर खाली जायला लागली की ती त्याच्या मांडीवर पंजा मारते. दंडावर सीजीएमही (साखर सतत मोजणारा सेन्सर) आहे. सोबत पुण्याहून आलेले आई-बाबा असतील.

प्रश्न असे:

१) गेटवर सर्टिफिकेट, ओळखपत्र, जॅकेट यातलं काय लागतं? ऑनलाइन दीडशे-दोनशे डॉलरला "रजिस्ट्रेशन किट" मिळतं, ते घ्यावं का?
२) झूमधल्या कोणत्या भागांत कुत्रीला नेता येत नाही? की सगळ्याच झूला मनाई करता येते?
३) लीश मी धरणार, मुलगा नाही. त्याला हरकत घेतात का?
४) बंदी असलेल्या भागात मुलाला जायचं असेल तर तेवढा वेळ कुत्रीला कुठे ठेवायचं? आजी-आजोबांकडे देऊन चालेल?

झूच्या वेबसाइटवर "सर्व्हिस अॅनिमल्स वेलकम, काही भाग वगळून" एवढंच मोघम दिसतं. नियम माहीत असणाऱ्यांनी कृपया नीट सांगावं.

कलम_छत्तीस

आधी किटचे पैसे वाचवा. अमेरिकेत सर्व्हिस डॉगचं कुठलंही सरकारी राष्ट्रीय रजिस्टर नाही. त्या वेबसाइट जे कार्ड आणि प्रमाणपत्र विकतात त्याला कायद्यात काडीची किंमत नाही. जॅकेट बंधनकारक नाही. गर्दीत लोक कुत्रीला हात लावायला धावू नयेत म्हणून घातलंत तर उपयोग होतो, एवढंच.

कायदा म्हणजे अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अॅक्ट, १९९०, ज्याला सगळे एडीए म्हणतात. सार्वजनिक सेवेच्या खासगी जागांच्या यादीत "पार्क, झू, अम्यूझमेंट पार्क" असा स्पष्ट उल्लेख आहे. शहर किंवा काउंटी चालवते ते झू, उदाहरणार्थ लॉस एंजेलिसचं, टायटल टूखाली (या कायद्याचा सरकारी संस्थांसाठीचा भाग) येतं. सॅन डिएगोसारखं ना-नफा संस्थेचं झू टायटल थ्रीखाली (खासगी जागांसाठीचा भाग). सर्व्हिस डॉगपुरते दोन्हीकडचे नियम जवळपास शब्दशः सारखे आहेत. सध्याची व्याख्या १५ मार्च २०११ पासून लागू आहे: अपंगत्वाशी थेट संबंधित असं एखादं काम करायला खास शिकवलेला कुत्रा. मांजर, पोपट, माकड यांपैकी काहीही चालत नाही. (छोट्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद आहे, ती तुमच्या कामाची नाही.)

गेटवरचा माणूस दोनच प्रश्न विचारू शकतो, तेही काम उघड दिसत नसेल तर:

- अपंगत्वामुळे या कुत्र्याची गरज आहे का?
- त्याला कोणतं काम शिकवलेलं आहे?

आजार कोणता, डॉक्टरचं पत्र कुठंय, करून दाखवा, यातलं काहीही विचारता येत नाही. तुमचं उत्तर एका वाक्यात तयार ठेवा: "होय. मुलाची रक्तातली साखर खाली गेली की वास घेऊन पंजा मारून कळवायला ती शिकलेली आहे." "सोबत असली की त्याला बरं वाटतं" असं चुकूनही म्हणू नका. ते खरं असलं तरी कायद्याच्या भाषेत ते काम नव्हे, आणि नेमकं त्याच वाक्यावर गेटवर गाडी अडते.

कुत्र्यासाठी वेगळं तिकीट किंवा डिपॉझिट घेता येत नाही. जातीवरून नाकारता येत नाही. "इतरांना अॅलर्जी आहे", "लोक घाबरतात" ही कारणंही चालत नाहीत. मात्र शहराचा कुत्र्याचा परवाना आणि रेबीजची लस सगळ्या कुत्र्यांना लागते, त्यातून सर्व्हिस डॉगला सूट नाही.

आता दुसरा प्रश्न. सगळ्या झूला मनाई करता येत नाही. न्याय खात्याने झूबद्दल वेगळं स्पष्टीकरणच दिलेलं आहे: जिथले प्राणी कुत्र्याचं नैसर्गिक भक्ष्य किंवा नैसर्गिक शत्रू आहेत, आणि कुत्रा दिसल्यामुळे ते आक्रमक किंवा बेचैन होतील, तेवढ्याच भागात अडवता येतं. बाकी ठिकाणी नाही. शिवाय सुरक्षेचं कारण प्रत्यक्ष धोक्यावर उभं असावं लागतं, तर्कावर नाही. "उद्या काही झालं तर?" एवढ्यावर अख्खा विभाग बंद करता येत नाही.

कॅलिफोर्नियात याच्या जोडीला राज्याच्या सिव्हिल कोडचं कलम ५४.७ आहे, खास झू आणि वाइल्ड अॅनिमल पार्कसाठीच लिहिलेलं. त्याचा गाभा असा: प्राणी आणि प्रेक्षक यांच्यात प्रत्यक्ष अडसर नाही अशा भागात गाइड डॉग (अंधांसाठी), सिग्नल डॉग (बहिऱ्यांसाठी), सर्व्हिस डॉग यांना येऊ देणं या कायद्याने बंधनकारक नाही. आणि पुढचं वाक्य तुमच्या सफारी पार्कसाठी महत्त्वाचं: मोटार किंवा दुसरं वाहन हा "अडसर" धरला जात नाही. म्हणजे मोकळ्या कुरणात शिरणाऱ्या उघड्या ट्रकवर तुम्ही बसलेले असलात तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि जिराफ एकाच आवारात आहात.

त्याच कलमाने झूवर उलट जबाबदारीही टाकली आहे. कुत्र्याला येऊ देत नसाल तर फुकट केनेल (कुत्रा ठेवायची जागा) ठेवा. ते सर्वसामान्य लोकांच्या वावरापासून बाजूला, पाण्याची सोय असलेलं, सुरक्षित आणि स्वच्छ असावं. अंध व्यक्तीला गाइड डॉग नेऊ देत नसाल आणि तिच्यासोबत डोळस माणूस नसेल तर सोबतीला माणूस द्या. लोकांसाठी जी वाहनं चालतात त्यातून अंध व्यक्तीला फुकट न्या. ही केनेलची सोय फार कमी लोक मागतात, कारण ती आहे हेच माहीत नसतं.

राज्याचा कायदा एडीएपेक्षा जास्त हक्क देऊ शकतो, कमी नाही. त्यामुळे कलम ५४.७ दाखवून कोणी सगळं झू बंद करू म्हणालं तर एडीए आडवा येतो.

तिसरा प्रश्न: लीश तुम्ही धरणं पूर्ण वैध आहे. हँडलर म्हणजे अपंग व्यक्तीच असावी असं नाही, तिच्यासोबतचा माणूसही चालतो. अट एकच, कुत्री ताब्यात हवी. ती वारंवार भुंकली, ओढली, आणि तुम्ही आवरलं नाहीत, किंवा तिने नको तिथे घाण केली, तर बाहेर न्यायला सांगू शकतात. तेव्हाही मुलाला कुत्रीशिवाय आत राहायची मुभा द्यावी लागते.

पशुवैद्य_डब्लिन

कलम_छत्तीस यांनी कायदा चोख मांडलाय. ही बंदी येते कुठून ते सांगतो, म्हणजे झूच्या नकाशावर कुत्र्यांसाठी बंद दाखवलेले भाग पाहून चिडचिड होणार नाही.

पहिलं कारण पळापळ. झेब्रा, हरीण, कांगारू यांना कुत्रा म्हणजे शिकारी. घाबरून ते पूर्ण वेगाने कुंपणावर आदळतात. आदळले नाहीत तरी अतिश्रमाने स्नायू आतून मरतात, त्यातली विषारी द्रव्यं मूत्रपिंड बंद पाडतात आणि प्राणी काही तासांनी किंवा दिवसांनी दगावतो. याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. कांगारू आणि वॉलाबी यात विशेष नाजूक. म्हणून ज्या "वॉक-थ्रू" भागात कांगारू रस्त्यावर मोकळे फिरतात तिथे बहुतेक कुठेच कुत्र्याला येऊ देत नाहीत. फ्लेमिंगोचा थवा बिथरला की पाय मोडतात, आणि मोडलेल्या पायाचा फ्लेमिंगो क्वचितच वाचतो.

दुसरं कारण उलट दिशेचं. लांडगे, तरस, आफ्रिकन रानकुत्रे यांना परका कुत्रा म्हणजे हद्दीत शिरलेला घुसखोर. वाघ-बिबट्यांना तो भक्ष्य. काचेमागचा बिबट्या माणसांकडे ढुंकून बघत नाही, पण कुत्रा दिसला की अंग जमिनीला टेकवून दबा धरतो आणि काचेवर झेप घेतो. काच फुटत नाही, पण तुमची कुत्री हबकते, आणि हबकलेली कुत्री पुढचे दोन तास वासाचं काम धड करत नाही. हा तोटा झूपेक्षा तुमचा जास्त.

तिसरं कारण रोग, आणि झूचे डॉक्टर याच गोष्टीला सर्वात घाबरतात. कुत्र्यांचा डिस्टेंपर विषाणू मांजरकुळाला, रेड पांडाला, काळ्या पायाच्या फेरेटला मारतो. १९९४ साली सेरेंगेटीतले जवळपास एक तृतीयांश सिंह, म्हणजे हजाराच्या घरात, या साथीत गेले. २०१८ मध्ये आपल्या गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले त्यातही हाच विषाणू सापडला. फेरेट आणि रेड पांडा इतके संवेदनशील की कुत्र्यांची जिवंत विषाणूची लस टोचल्यामुळेही ते मेलेले आहेत. त्यांच्यासाठी वेगळी रिकॉम्बिनंट लस वापरावी लागते. पार्व्होचा विषाणू विष्ठेतून जातो आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लेप्टोस्पायरा (लेप्टो) हा जिवाणू लघवीतून जातो.

म्हणून तुमच्या बाजूने करायचं ते असं. डिस्टेंपर-पार्व्होची एकत्रित लस, रेबीज, लेप्टो आणि बोर्डेटेला (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची लस) चालू आहेत ना ते आत्ताच पाहा. बूस्टर राहिला असेल तर तो सहलीच्या किमान तीन आठवडे आधी द्या, आदल्या आठवड्यात नको. जिवंत लसीतला पार्व्हो विषाणू काही दिवस विष्ठेतून पडत राहतो. पिसू-गोचीड प्रतिबंधक आणि जंताचं औषध त्याच महिन्यात झालेलं असावं. जुलाब, खोकला, नाक वाहणं यातलं काहीही असेल तर त्या दिवशी कुत्री हॉटेलवर. लसीचे कागद गेटवर दाखवण्याची सक्ती नाही, पण फोनमध्ये फोटो असू द्या.

शी-शूची जागा गेटवर विचारून घ्या आणि आत शिरण्यापूर्वी तिला तिथे नेऊन आणा. पुढे दर दोन तासांनी. आवाराच्या कुंपणालगतच्या गवतावर अजिबात नको, तिथूनच वास आणि विषाणू आत जातात. पिशव्या सहा तरी घ्या.

पिंजऱ्यासमोर उभं राहायची पद्धत: कुत्री तुमच्या शरीराच्या पलीकडच्या बाजूला, लीश चार फुटांपेक्षा लांब नाही, कठड्यापासून दहा-बारा फूट मागे, आणि तिचं तोंड पिंजऱ्याकडे नाही तर मुलाकडे. आतल्या प्राण्याने एकटक रोखून बघणं, कान पुढे, मानेवरचे केस उभे, येरझाऱ्या, धोक्याची हाक, यातलं काही दिसलं की थांबून गंमत बघायची नाही, पुढे सरकायचं. कीपर "प्लीज मूव्ह अलाँग" म्हणाला तर तिथे कायदा काढू नका. त्या क्षणी तो प्राण्याचं वागणं बघून बोलत असतो, आणि बेचैन झालेल्या प्राण्यापासून दूर जायला सांगणं नियमात बसतं.

आणखी एक. एस्कॉन्डिडोकडे समुद्राचा गारवा पोचत नाही. हवा ३० अंश सेल्सिअस असताना उन्हातलं डांबर ५५ च्या पुढे जातं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर तिलाही नाही. बूट घालणार असाल तर आतापासून रोज दहा मिनिटं सवय करा, नाहीतर तिथे ती पाय झटकत बसेल आणि लोक व्हिडिओ काढतील. तीस किलोच्या कुत्रीला एरवी दिवसाला दीड लिटरच्या आसपास पाणी लागतं, उन्हात चालताना याच्या दीडपट तरी धरून चला. घडीचं भांडं तुमचं स्वतःचं न्या.

मंदार_एलए

चौथ्या प्रश्नातला आजी-आजोबांचा भाग सुटला बहुतेक. यात एक गोम आहे. आत राहण्याचा हक्क कुत्रीचा नाही, मुलाचा आहे, आणि कुत्री त्याच्यासोबत असते म्हणून ती आत असते. मुलगा पक्ष्यांच्या जाळीत आणि कुत्री अर्ध्या मैलावर आजोबांसोबत आइस्क्रीमच्या रांगेत, असं झालं तर कर्मचारी "हा पाळीव कुत्रा इथे कसा?" म्हणू शकतो आणि त्याचं फार चुकत नाही. त्या विभागाच्या दाराबाहेरच्याच बाकावर बसायचं आणि दारावरच्या कर्मचाऱ्याला आधी सांगायचं, तर कोणी हरकत घेत नाही.

पण आजोबांना तिच्या आज्ञा येतात का? येत नसतील तर तीस किलोची कुत्री त्यांच्या हातात देऊ नका. मोर समोरून गेला तर खांदा उखडेल. त्यापेक्षा आजी-आजोबा मुलाला घेऊन आत आणि तुम्ही कुत्रीसोबत बाहेर. झूच्या कर्मचाऱ्यांनी कुत्री सांभाळावी अशी अपेक्षा ठेवता येत नाही, एडीएत तसं स्पष्ट म्हटलंय. केनेल ही वेगळी गोष्ट, ती असली तर जागा म्हणून असते.

सनीवेलकर

कलम_छत्तीस, डॉक्टर, मंदार, मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, "कुत्री वासाचं काम करत नाही" याने जरा काळजी वाटली. बंदीच्या भागात मुलगा अर्धा तास तिच्याशिवाय असेल, तेव्हाची सोय कशी करावी? आणि सफारी ट्रकची राइड तर तासाभराची.

शर्करावार्ता

अलर्ट डॉगवाल्या घरांसाठी झूचा दिवस तसा अवघडच. चालणं भरपूर, ऊन, खाण्याच्या वेळा पुढे-मागे. तिन्हींनी साखर खाली जाते. उन्हात त्वचेखालचं रक्ताभिसरण वाढतं आणि इन्सुलिन लवकर शोषलं जातं, हे चौथं. त्यात शेकडो प्राण्यांच्या वासात कुत्रीची पकड ढिली होते. धापा टाकणारा कुत्रा नीट वास घेऊ शकत नाही. म्हणून त्या दिवशी सीजीएम पहिला आणि कुत्री दुसरी, हा क्रम आधीच ठरवून टाका. अलर्ट डॉगची अचूकता एरवीही कुत्र्यागणिक खूप बदलते.

करायचं ते असं. सीजीएमचा लो अलार्म त्या दिवसापुरता थोडा वर उचला. नेहमी ७० वर असेल तर ८० किंवा ९०, तुमच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टला विचारून. सीजीएम रक्तापेक्षा पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो, आणि साखर झपाट्याने उतरत असेल तेव्हा हाच फरक महागात पडतो. आकड्याइतकंच साखर वर चाललीय की खाली ते दाखवणाऱ्या बाणाकडे लक्ष हवं. वाचन तुमच्या आणि आजी-आजोबांच्या, दोन्ही फोनवर दिसेल असं शेअरिंग चालू करा. मुलाचा फोन त्याच्याच खिशात राहू द्या, कारण ब्लूटूथ वीस-तीस फुटांपलीकडे बेभरवशाचं. दऱ्याखोऱ्यांच्या आवारात मोबाइलची रेंज जाते आणि शेअरिंग गप्प बसतं. तेव्हा आवाजाचा अलार्म त्याच्या फोनवरच वाजायला हवा.

बंदीच्या भागात शिरण्याआधी बाकावर बसून बोटाची तपासणी. १०० च्या खाली किंवा बाण खाली असेल तर आधी थोडं खायचं, मग आत. आजीच्या पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या हव्यात, एक गोळी साधारण ४ ग्रॅम. मोठ्यांचा नियम १५ ग्रॅम आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. नऊ वर्षांच्या मुलाला बहुधा कमी पुरतं, तुमचा नेहमीचा आकडा आजीला कागदावर लिहून द्या. ज्यूसच्या डब्यांपेक्षा गोळ्या बऱ्या, कारण प्राण्यांनी गिळू नयेत म्हणून अनेक झूंमध्ये प्लास्टिकच्या स्ट्रॉ चालत नाहीत. ग्लुकॅगॉन (साखर फारच खाली गेली तर द्यायचं तातडीचं औषध) मुलासोबत जातं, कुत्रीच्या बॅगेत नाही. ही चूक फार होते, कारण सगळं औषध कुत्रीच्या जॅकेटच्या खिशात ठेवायची सवय असते आणि नेमकी कुत्री बाहेर राहते.

उघडं इन्सुलिन ३० अंशांच्या वर राहता कामा नये, कूलिंग पाउच घ्या.

तासाभराच्या ट्रकसाठी माझं मत: कुत्री एका पालकासोबत खाली, दुसरा पालक मुलासोबत वर. सकाळची पहिली फेरी घ्या, ऊन कमी आणि कुत्री ताजी. दर पाऊण तासाने तिला सावलीत दहा मिनिटं आडवी होऊ द्या, आणि त्या दहा मिनिटांत कोणालाही तिला कुरवाळू देऊ नका.

जुई_फ्रीमाँट

मध्येच विचारते. आमच्याकडे थेरपिस्टचं इमोशनल सपोर्टचं पत्र आहे, अपार्टमेंटवाल्यांनी त्यावर कुत्रा ठेवू दिलाय. ते झूमध्ये चालेल ना?

कलम_छत्तीस

नाही चालणार. घराच्या बाबतीत फेअर हाउसिंग अॅक्ट लागतो, तिथे भावनिक आधाराचा प्राणी धरतात. झू, हॉटेल, दुकान इथे एडीए लागतो, तिथे नाही. विमानांतही जानेवारी २०२१ पासून कंपन्यांना इमोशनल सपोर्टचा प्राणी सर्व्हिस अॅनिमल म्हणून घ्यावा लागत नाही.

मानसिक आजारासाठीचा कुत्रा मात्र सर्व्हिस डॉग असू शकतो. पॅनिक अटॅक येतोय हे ओळखून ठरलेली कृती करायला, म्हणजे अंगावर दाब द्यायला, गर्दीतून बाहेर न्यायला, औषध आणून द्यायला शिकवलेला असेल तर. नुसत्या जवळ असण्याने बरं वाटतं, तर नाही.

पत्र दाखवून "सर्व्हिस डॉग आहे" म्हणायचा मोह टाळा. कॅलिफोर्नियात जाणूनबुजून तसं भासवणं पीनल कोड ३६५.७ खाली गुन्हा आहे: हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १ जानेवारी २०२२ पासून राज्यात पत्र देणाऱ्या थेरपिस्टलाही किमान तीस दिवसांची ओळख असल्याशिवाय कुत्र्यासाठी असं पत्र देता येत नाही. पाच मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर मिळालेलं पत्र घरालाही पुरत नाही.

प्रशिक्षणार्थी

शिकाऊ कुत्र्यांचं काय? पपी रेझर (सर्व्हिस डॉग होणारी पिल्लं घरी वाढवणारे) म्हणून काम करणारे बरेच मराठी लोक आहेत बे एरियात.

कलम_छत्तीस

एडीएमध्ये शिकाऊ कुत्रा येत नाही, काम पूर्ण शिकलेलाच येतो. कॅलिफोर्नियाचा कायदा मात्र प्रशिक्षणाचं अधिकृत काम करणाऱ्याला शिकाऊ कुत्र्यासह सार्वजनिक ठिकाणी जाऊ देतो: कुत्रा लीशवर हवा आणि काउंटी क्लार्क किंवा अॅनिमल कंट्रोलने दिलेला असिस्टन्स डॉगचा बिल्ला हवा. वर सांगितलेलं कलम ५४.७ त्यालाही लागतंच. नेवाडा किंवा अॅरिझोनात गेलात तर तिथला कायदा वेगळा, गृहीत धरू नका. आणि खरं सांगायचं तर अर्धवट शिकलेल्या पिल्लाला वाघासमोर नेण्यात प्रशिक्षण कमी आणि धोका जास्त.

कात्रजचा_दिलीप

भारतात येणाऱ्यांसाठी थोडक्यात. इथे एडीएसारखा दोन प्रश्नांचा नियम नाही. कात्रजचं राजीव गांधी प्राणीसंग्रहालय महापालिकेचं, भायखळ्याची राणीबागही महापालिकेची. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८ जे खाली संग्रहालयातल्या प्राण्यांना डिवचणं, खायला घालणं, आवाजाने त्रास देणं हा गुन्हा आहे, आणि पाळीव कुत्रा दारावरच थांबवतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये "वाजवी सोयी"ची तरतूद आहे, त्या आधारे संचालकांना आधी लेखी अर्ज करता येतो. अर्जात कुत्र्याचं काम, लसींच्या तारखा, भेटीची वेळ लिहा आणि व्हीलचेअर किंवा सोबतीचा माणूस हा पर्यायही मागून ठेवा. दारावर जाऊन सुरक्षारक्षकाशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात काही नसतं.

मंदार_एलए

सनीवेलकर, निघायच्या आठवडाभर आधी दोन्ही ठिकाणच्या गेस्ट सर्व्हिसेसला ईमेल करा. फोन नको, लेखी उत्तर हवं. विचारायचं ते नेमकं विचारा:

- सर्व्हिस डॉगसाठी बंद असलेल्या भागांचा आजचा नकाशा पाठवा. प्राणी हलवले जातात, पिल्लं होतात, तसा नकाशा बदलतो. मागच्या वर्षीचा ब्लॉग वाचून जाऊ नका.
- गाइडेड बस, हवाई पाळणा, सफारी ट्रक यांपैकी कशात कुत्री चालते?
- केनेल कुठे आहे, कुलूप कोण लावतं, आत सावली आणि पाणी आहे का, आधी सांगावं लागतं का?
- शी-शूच्या जागा किती आणि कुठे?

काही झू "आल्यावर नोंद करा" म्हणतात. तो विनंतीचा भाग असेल तर जरूर करा, कारण रेडिओवरून कीपरना कळतं आणि ते नाजूक आवारांकडे लक्ष ठेवतात. नोंदीसाठी सर्टिफिकेट मागितलं तर शांतपणे वरचे दोन प्रश्न आठवून द्या आणि सुपरवायझरला बोलावायला सांगा. दारावरचा मुलगा बहुधा उन्हाळी नोकरीवरचा असतो, त्याला नियम कोणी धड शिकवलेले नसतात. सुपरवायझरनेही नाकारलं तर नाव, वेळ, नेमकं काय म्हणाले ते जागेवरच लिहून ठेवा. तक्रार न्याय खात्याच्या एडीए वेबसाइटवरून करता येते, माहितीसाठी फोन ८००-५१४-०३०१. कॅलिफोर्नियात उन्रू कायद्याखाली (राज्याचा भेदभावविरोधी कायदा) किमान चार हजार डॉलर भरपाईचा दावाही करता येतो, म्हणून मोठ्या झूंचे सुपरवायझर सहसा ताणून धरत नाहीत.

लाँग वीकेंडचा शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. शुक्रवारी दार उघडायच्या वेळी पोचा आणि लांडगे, मोठी मांजरं असले भाग कुत्री ताजी असताना आधी उरका. दुपारी ती दमलेली असताना सरपटणाऱ्या प्राण्यांचं घर आणि काचेमागचे मासे. तिथे कोणालाच कुत्र्याचं काही पडलेलं नसतं.

सनीवेलकर

ईमेल आजच पाठवतो. ग्लुकॅगॉन आत्तापर्यंत कुत्रीच्याच जॅकेटमध्ये असतं, ते आधी मुलाच्या कंबरपट्ट्यात हलवतो. नकाशे आले की इथे टाकतो, पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल. डॉक्टर, बोर्डेटेलाची तारीख फेब्रुवारीत संपलीय. नाकातली घ्यावी की इंजेक्शनची?

पशुवैद्य_डब्लिन

नाकातली किंवा तोंडातली. एका डोसात काम होतं आणि लवकर लागू पडते. इंजेक्शनची पहिल्यांदाच देत असतील तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, तेवढा वेळ हातात नसेल. नाकातल्या लसीनंतर काही दिवस शिंका आणि नाक वाहणं होऊ शकतं, आणि नाक वाहणारी कुत्री झूला नको. म्हणून हीसुद्धा तीन आठवड्यांच्या हिशोबातच बसवा. वासाच्या कामाची कुत्री आहे, तेव्हा शिंका येणार हे धरून त्या दिवसांत तिच्या अलर्टवर थोडं कमी विसंबा. तोंडातली मिळाली तर हा प्रश्न जवळपास येत नाही, आधी तिचीच चौकशी करा.